दोन भोकं पाडलेला दाखला

तुमच्या कपाटात, टेबलाच्या खणात, एखाद्या जुन्या फायलीत दुसऱ्या कुणाचा मूळ कागद पडून आहे का? झेरॉक्स नाही, मूळ. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचं प्रमाणपत्र. 'दोन दिवसांत परत देते' असं म्हणून घेतलेला. लगेच 'नाही' म्हणू नका. मला कुणी विचारलं असतं तर मीही नाहीच म्हटलं असतं, आणि वर विचारणाऱ्याला झापलं असतं.

मी पत्रकांवर वाढले. बाबा अमरावतीतल्या एका छोट्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसा लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं, संध्याकाळी मालकाच्या परवानगीनं मोर्च्यांची, सभांची, संपांची पत्रकं. माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं होती. पाढे मी पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिले. चौथीत असल्यापासून बाबा मला प्रूफ तपासायला सोबत बसवत. ते हस्तलिखित वाचत, मी छापलेल्यावर बोट फिरवत जाई. त्या वयात मला 'निषेध' आणि 'धिक्कार' यांतला फरक कळत होता. बाबांचा एकच नियम होता. "पत्रकाच्या शेवटी वाचणाऱ्यानं काय करायचं ते लिहिलं पाहिजे, बाई. नाहीतर तो कागद भजे बांधायच्या कामाचा."

एम.एड. झाल्यावर मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. वऱ्हाडातल्या खेड्यांतल्या मुली दहावीच्या आत शाळा का सोडतात, हा विषय. मार्गदर्शक मॅडमनी शीर्षकात 'लिंगभाव' हा शब्द घालायला सांगितला, मी घातला. मनातून मी प्रबंध लिहीत नव्हतेच. मी एक जाडजूड पत्रक लिहीत होते. ते वाचून कुणाची तरी झोप उडेल, असं मला खरंच वाटत होतं.

अकोला जिल्ह्यात, तेल्हाऱ्याच्या पुढचं एक गाव मी निवडलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे त्या वर्षांत वऱ्हाडातल्या खेड्यांत रोज कुणी ना कुणी काहीतरी विचारायला येत असे. कॅमेरेवाले येत, समित्या येत, मुंबई-दिल्लीचे अभ्यासक येत. कापसाचं काय झालं, बियाणं कोणतं पेरलं, घरात किती माणसं, जेवता काय. मी पोचले त्या संध्याकाळी बायका वेचणीहून परतत होत्या. एकीनं कापसाचं गाठोडं ओट्यावर टाकलं आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुमी कोनाकडून? टीव्हीच्या का सरकारी?"

"मी शिकतेय, मावशी. अमरावतीहून आले."

"अजून शिकूनच रायल्या? एवढ्या मोठ्या झाल्या तरी?" बाकीच्या हसल्या. तिनं पदरानं तोंड पुसलं. "बसा मंग. औंदा आमच्या गावात कापूस नाई पिकला, पन प्रश्न भल्ले पिकले. इचारा, तुमी बी इचारा."

ही मावशी माझ्या अभ्यासातल्या सातव्या मुलीची आई. प्रबंधात मुलींना नावं नव्हती, क्रमांक होते. इथंही मी तिचं नाव सांगणार नाही, पण तिला सातवीही म्हणणार नाही. ती सतरा वर्षांची होती. नववी पास होऊन दहावीच्या वर्षात तिची शाळा सुटली होती. माझी प्रश्नावली माझ्या मांडीवर असायची आणि ती समोरून उलटी वाचायची. मी प्रश्न वाचायच्या आधी उत्तर तयार. दुसऱ्या भेटीत ती म्हणाली, "ताई, अठरा अन् बावीस एकच प्रश्न हाये. नुसते शब्द फिरवले तुमी."

मी पाहिलं. एकच होता. ही चूक माझ्या मॅडमच्या नजरेतून सुटली होती, विद्यापीठाच्या समितीच्या नजरेतून सुटली होती.

"शाळा काहून सोडली?" मी तिच्याच बोलीत विचारलं. तिकडच्या बायकांशी तसं बोलताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं.

"संडासाले कडी नवती. मैतरीन दार धरून उभी राहे. तिचं लग्न झालं, मंग दार कोन धरन?"

हे मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. असं वाक्य मिळायला अभ्यासकाला नशीब लागतं.

मी तिला सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल सांगितलं. शाळा सुटलेल्या मुलामुलींना बाहेरून दहावीला बसायचं असेल तर हा फॉर्म भरावा लागतो. एकदा भरला की वर्गात रोज जायचं कारण नाही, घरी अभ्यास करायचा आणि मार्चमध्ये पेपर द्यायचा. तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी ओट्यावर बसून अर्धा तास बोलले. शिक्षण हा हक्क आहे, तो कुणाच्या मेहेरबानीनं मिळत नाही, वगैरे. शेजारची भाभी शिलाई मशीन थांबवून ऐकत होती. गल्लीत तेवढी एकच मोबाईलवाली बाई. ती म्हणाली, "दीदी, आप तो लीडर जैसा बोलते." मी लाजल्यासारखं केलं.

पण नुसतं बोलून भागणार नव्हतं. उन्हाळ्यात मुलीला चांदूर बाजारकडून स्थळ आलं. पोरगा बरा, घर बरं, त्यांना दिवाळीनंतर लग्न उरकायचं होतं आणि तोवर तिला अठरा पूर्ण होत होती. मावशीनं नवऱ्याशी पंधरा दिवस भांडून एक बोली करून घेतली. तिनं ती मला सांगितली तेव्हा ती तूर निवडत होती, मान वर न करता.

"फारम भरला त एक साल थांबतो म्हने. परीक्षा होऊ दे म्हने. नाई भरला त मंग माह्यं काई चालनार नाई, मॅडम. आता समदं त्या फारमावर हाये."

फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. मावशीनं एका दिवसाची मजुरी बुडवून शाळेतून तो आणला. मी तो हातात घेतला आणि 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी थांबले. तिथं निळ्या शाईत लिहिलं होतं: 'सतत गैरहजर'.

माझ्या प्रबंधाला हवं होतं ते सगळं त्या एका रकान्यात होतं. शाळा म्हणते मुलगी गैरहजर, मुलगी म्हणते कडी गैरहजर. त्यावर प्रकरण उभं राहणार होतं. परिशिष्टात या दाखल्याची स्वच्छ रंगीत प्रत पाहिजे होती. मी दाखला घेऊन तेल्हाऱ्याला झेरॉक्सच्या दुकानात गेले तर लाईन नव्हती. दुकानदार म्हणाला, संध्याकाळी या, आली तर आली. माझी अकोल्याची गाडी चारची होती. मी गावात परत येऊन म्हटलं, "मावशी, दाखला मी अमरावतीला नेते. प्रत काढते आणि आठ दिवसांत आणून देते. फॉर्मची तारीख निघायला अजून वेळ आहे."

मुलीनं माझा मोबाईल नंबर विचारला. कागदावर लिहून देऊ लागले तर म्हणाली, "सांगा नुसता." मी सांगितला. तिनं एकदा म्हणून दाखवला.

आई म्हणाली, "न्या. तुमच्यापाशी आमच्या घरापरीस नीट राहीन. इथं उंदरं हायेत."

अमरावतीला आल्यावर मी पहिल्याच दिवशी रंगीत प्रत काढली. आणि मूळ दाखला नीट राहावा म्हणून पंच मशीननं कडेला दोन भोकं पाडली आणि तो 'परिशिष्ट' नावाच्या फायलीत लावला. लक्षात ठेवा, हरवला नाही. मी काहीच हरवत नाही. माझ्या फायली बघून विभागातल्या मुली हेवा करायच्या.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. मग मला पुण्यात एका चर्चासत्रात निबंध वाचायचा होता. निबंध त्याच कडीवर होता. पोळ्याच्या आसपास, मी तो लिहीत असताना, मोबाईलवर मिस कॉल येऊ लागले. एकाच नंबरवरून. वऱ्हाडात तेव्हा मिस कॉलची एक भाषाच होती. एक रिंग म्हणजे 'पोचलो'. दोन म्हणजे 'निघा'. पुन्हा पुन्हा आला तर 'तुम्ही लावा, आमच्याकडे बॅलन्स नाही'. मला ही भाषा येत होती. त्यावर प्रबंधात तळटीप आहे. नंबर भाभीचा होता, तेही मला माहीत होतं. मी फोन पालथा ठेवला. वाटलं, अभ्यासाचं काहीतरी विचारायचं असेल, नाहीतर सहजच. निबंध झाला की लावू. तीन दिवस मिस कॉल येत राहिले. चौथ्या दिवशी थांबले. मी पुण्याला गेले. टाळ्या पडल्या. 'दार कोन धरन' हे वाक्य मी वऱ्हाडी हेलात म्हटलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

परत आल्यावर फोन लावायचा राहून गेला. मुद्दाम नाही. पण 'मुद्दाम नाही' हा किती स्वस्त शब्द आहे हे आता कळतं. ज्या शाळेनं कडी लावली नाही, तिचंही ते मुद्दाम नव्हतंच.

होळीच्या आधी प्रबंध बांधायला दिला. बाइंडिंगवाल्यानं पानं चाळली आणि एक कागद वेगळा काढून माझ्यापुढे धरला. "मॅडम, हा ओरिजनल आहे. हाही बांधून टाकू का आत?"

सतत गैरहजर. निळी शाई. कडेला माझी दोन भोकं.

मी दुकानात उभी होते आणि मला ते तीन दिवसांचे मिस कॉल ऐकू आले. एक एक. दहावीचे पेपर त्याच आठवड्यात सुरू होणार होते.

इथं मला थांबून आणखी एक सांगायला पाहिजे, कारण याची मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लाज वाटते. मी त्या दिवशी गाडी पकडली नाही. मी आधी प्रबंध बांधून घेतला. सह्या घेतल्या, प्रती जमा केल्या. सातव्या दिवशी तेल्हाऱ्याला निघाले. रंगीत प्रत परिशिष्टात तशीच होती.

मावशी अंगणात होती. मला बघून तिनं बाज टाकली, पाणी आणलं, चहा ठेवला. घरात मुलगी दिसत नव्हती, आणि मी विचारायच्या आधीच मला कळलं होतं.

"झालं का तुमचं?" तिनं विचारलं. "पुस्तक?"

"झालं."

"बरं झालं. लय मेहनत केली तुमी."

मी दाखला काढून पुढे केला. तिनं हात लावला नाही.

"मावशी, शाळेतून दुसरी प्रत मिळाली असती. डुप्लिकेट."

"हो, हेडमास्तर म्हने. म्हने, पयला हरवला म्हनून लिवून द्या, कोर्टाचा कागद करा, दुसरा देतो." ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली. "पन हरवला कुठी होता? तुमच्यापाशी होता ना. म्या म्हटलं, मॅडमपाशी हाये, हरवला असं कसं लिवू? येतील म्हटलं. सांगलं हाये त्यायनं, येतील."

भाभी कुंपणापाशी येऊन उभी होती. ती मावशीसारखी सोशिक नव्हती. "फारम के आखरी तीन दिन लडकी मेरे दरवाजे पे बैठी, दीदी. बैलेंस नहीं था मेरा, तो भी एक बार पूरा लगाया. आपने काट दिया."

मी कापला नव्हता. मी पालथा ठेवला होता. हे मी म्हणणार होते.

"तुळशीच्या लग्नानंतर उरकलं," मावशी म्हणाली. "पोरगा बरा हाये, दारूगिरू नाई. रडली नाई पोट्टी." मग दाखल्याकडे पाहून म्हणाली, "हे मले देऊ नोका. तिचा हाये, तिले नेऊन द्या. तुमीच नेला होता."

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. माझा प्रबंध जमा झाला म्हणून त्यांनी पेढे आणून ठेवले होते. त्यांनी पुडा बंद केला. म्हणाले, "एकदा सभेची तारीख चुकीची छापली होती मी. आठवते?"

आठवत होतं. मी पाचवीत होते. हजार पत्रकं वाटून झाल्यावर चूक कळली. बाबा सायकलवर मला पुढे बसवून गल्लोगल्ली फिरले होते. घरोघरी जाऊन म्हणत, ते पत्रक परत द्या, चूक माझी आहे. काही लोक हसले, एकानं शिव्या दिल्या.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? जाय."

चांदूर बाजारला तिचं घर शोधायला वेळ लागला नाही. दारात लग्नातली तोरणं अजून तशीच होती. सासूला मी सांगितलं की मी शाळेकडून आले, कागद द्यायचा आहे. हे खोटं होतं. तिनं सुनेला हाक मारली आणि स्वतः उंबऱ्यात बसून राहिली.

मुलगी बाहेर आली. हातात हिरवा चुडा. मला बघून तिनं सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओळख दाखवावी की नाही, याचा हिशेब तिच्या डोळ्यांत मला दिसला. मी दाखला दिला. तिनं तो उलटसुलट पाहिला. नेहमीसारखी आधी चूक सापडली तिला.

"भोकं पाडली व्हय तुमी?"

"हो."

"मायनं रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवायसाठी प्लास्टिकची नवी पन्नी आनली होती." तिनं बोटानं एक भोक चाचपलं. "आता फॉर्मवाले घेतील का असा?"

"घेतील. अक्षरं सगळी शाबूत आहेत. या वर्षी भर. मी येते सोबत, मी सगळं..."

"तुमी नोका येऊ, ताई." हे तिनं हळू म्हटलं, सासूला ऐकू जाणार नाही असं. "तुमी आल्या त घरात इचारतील, कोन हाये, काहून येते. मी माह्या हिशेबानं काढीन गोष्ट. जमलं त जमलं."

मी निघाले. ती मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आली, सासूनं हाक मारेपर्यंत. वळताना म्हणाली, "तुमचा नंबर पाठ हाये अजून मले. तोच हाये ना?"

"तोच."

"बरं."

त्यानंतर काही महिन्यांनी माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी परिशिष्ट उघडून सगळ्यांना दाखवलं. मूळ कागदपत्रांचा असा वापर क्वचित दिसतो, असं म्हणाले. मी उभी होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ज्या आवाजात मी ओट्यावर हक्कांबद्दल बोलले, त्याच आवाजात सांगता आलं असतं. मी 'धन्यवाद सर' म्हटलं. माझ्या नावामागे आता डॉक्टर लागतं. बाबांनी त्याची पत्रिका छापली नाही, मी नको म्हटलं नव्हतं तरी.

फोन आता पालथा ठेवत नाही. तिचा मिस कॉल अजून आलेला नाही. येईल असं मी कुणाला सांगत नाही. येतील म्हणून सांगण्याचं काय होतं ते मावशीच्या अंगणात बसून पाहिलंय. परवा विभागात नव्या संशोधक मुलीच्या टेबलावर तीन मूळ गुणपत्रिका पाहिल्या. विचारलं, कुणाच्या? ती म्हणाली, फील्डवरच्या, स्कॅन करून देईन, सेफ आहेत. मी तिला खुर्चीवरून उठवलं आणि बसस्टँडवर नेऊन गाडीत बसवलं. तिला मी वेडी वाटले असेन.

आता बाबांचा नियम. हे वाचून झाल्यावर फक्त एवढं करा. उठा. कपाट उघडा, खण ओढा, फायली चाळा. मास्तर असाल, क्लार्क असाल, संशोधक असाल, संस्थेत काम करत असाल, नुसते ओळखीचे म्हणून कुणाचं काम करून देत असाल, तरीही. दुसऱ्याचा मूळ कागद सापडला तर पोस्टानं पाठवू नका, कुणाच्या हाती देऊ नका, 'घेऊन जा' असा निरोप धाडू नका. स्वतः न्या, त्या माणसाच्या हातात द्या. भोक पाडलं असेल तर ते आधी दाखवा. आणि फोन पालथा असेल तर तो सुलटा करा. परत लावायचा राहिलेला एखादा नंबर त्यात असेल, तो आत्ता लावा.